शरीरातली अफू नेमकी असते कुठं? जनावरांच्या अवयवांतल्या आणि रक्तातल्या ओपिऑइड पेप्टाइडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, माहेर जत तालुक्यातलं, घरी माडग्याळ मेंढ्या. त्यामुळं प्रश्न दोन्हीकडनं येतात, वर्गातल्या पोरांचे पण आणि गोठ्यातनं फोन करणाऱ्या काका-मामांचे पण. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, कोणी एंडॉर्फिनचा आकडा सांगितला की आधी विचारायचं, कुठल्या अवयवातला, कुठल्या जनावरातला, आणि नमुना घेतला कसा. हे तीन माहीत नसतील तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मॅडम, ओपिऑइड पेप्टाइड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगा की.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, प्रोटीनची धाकटी बहीण म्हणा. अशा काही माळा आपल्या आणि जनावरांच्या शरीरात तयार होतात आणि ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या कुलपावर, अफूतलं मॉर्फीन जाऊन बसतं त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतात, म्हणून त्यांना ओपिऑइड पेप्टाइड म्हणायचं. मुख्य घराणी तीन, एन्केफॅलिन, एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन. एन्केफॅलिन फक्त पाच मण्यांचं, टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फिनाइलॲलनिन आणि शेवटी एकतर मेथिओनिन नाहीतर ल्युसिन, म्हणून मेट-एन्केफॅलिन आणि ल्यू-एन्केफॅलिन अशी दोन नावं. बीटा-एंडॉर्फिन ३१ मण्यांचं. डायनॉर्फिन-ए १७ मण्यांचं. गंमत अशी की तिघांचीही सुरुवात त्याच टायरोसिन-ग्लायसिन-ग्लायसिन-फिनाइलॲलनिननं होते, रिसेप्टरच्या कुलपाला लागणारी किल्ली ती, पुढचं शेपूट वेगवेगळं. नंतर १९९५ मध्ये नोसिसेप्टिन म्हणून एक चौथं सापडलं, ते याच कुळातलं पण त्याचा रिसेप्टर वेगळा.

शरीराला मुळात अफूचा रिसेप्टर कशाला? जनावर काय अफू खातं का?

हा प्रश्न माझा सगळ्यात आवडता, कारण शास्त्रज्ञांनाही हाच पडला होता. १९७३ साली तीन ठिकाणी, अमेरिकेत बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि स्वीडनला लार्स टेरेनियस, यांनी दाखवून दिलं की मेंदूत अफूजन्य औषधं पकडणारे रिसेप्टर आहेत. मग साधा हिशोब, कुलूप आहे म्हणजे घरातली किल्ली पण असणार, खसखशीच्या बोंडाची वाट बघत तर कुलूप बसलेलं नसणार. ती किल्ली १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी शोधली, डुकराच्या मेंदूतनं. ह्यूज पहाटे कत्तलखान्यात जाऊन डुकरांची डोकी गोळा करायचे, मेंदूचा अर्क काढायचे आणि तो अर्क उंदराच्या वीर्यवाहिनीवर आणि गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकायचे. विजेचा झटका दिला की तो तुकडा आकसतो, मॉर्फीन टाकलं की आकसणं कमी होतं, आणि मेंदूच्या अर्कानं पण तसंच कमी झालं, वर नॅलॉक्सोन टाकलं की परिणाम गायब. नॅलॉक्सोन म्हणजे अफूचा उतारा. तेव्हापासून आजपर्यंत हे काम ओपिऑइडचं आहे का हे बघायची पहिली कसोटी तीच, नॅलॉक्सोननं थांबतं का.

सगळ्यात जास्त कुठल्या अवयवात असतं?

इथं जरा सावकाश वाचा कारण एका शब्दात उत्तर नाही. तिन्ही घराण्यांची गावं वेगळी आहेत.

बीटा-एंडॉर्फिनचं मुख्य गाव पिट्युटरी, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली ग्रंथी. पिट्युटरीत जेवढं सापडतं त्याच्या तुलनेत मेंदूच्या बाकी भागात फारच थोडं. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी पण मोजक्याच जागी, मेंदूच्या तळातल्या हायपोथॅलॅमसमधलं आर्क्युएट केंद्रक आणि खाली मेंदूच्या देठात एक छोटा पुंजका, बाकी सगळीकडं त्यांचे लांबलांब धागे जातात, एका विहिरीवरनं पाइपलाइन टाकून चार शेतं भिजवावीत तसं.

एन्केफॅलिनचं उलटं. त्याच्या पेशी मेंदूभर विखुरलेल्या. मेंदूत सगळ्यात दाट सापडतं ते ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात, जो हालचालीशी जोडलेला आहे, वेदनेशी नव्हे, आणि हे ऐकून पोरांना दरवेळी आश्चर्य वाटतं. शिवाय मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, जिथं पायाला काटा टोचला की पहिला निरोप येऊन पोचतो, तिथं हे चौकीदारासारखं बसलेलं असतं आणि निरोप वर जाऊ द्यायचा का नाही ते ठरवायला हातभार लावतं. मेंदूबाहेर आतड्यात आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत भरपूर.

डायनॉर्फिन पिट्युटरीच्या मागच्या पाळीत व्हॅसोप्रेसिन या शरीरातलं पाणी राखणाऱ्या हार्मोनच्या जोडीनं साठवलेलं असतं, शिवाय हिप्पोकॅम्पस, हायपोथॅलॅमस आणि मज्जारज्जूत. १९७९ साली अॅव्हरम गोल्डस्टीन यांच्या गटानं ते डुकराच्या पिट्युटरीतनं ओळखलं.

एकच पेप्टाइड सगळ्या अवयवांत सारखंच असतं ना?

नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. ही पेप्टाइडं सुटी बनत नाहीत, आधी एक लांबलचक प्रोटीन बनतं आणि मग एन्झाइम ते ठरावीक जागी तोडतात. उसाचं बघा, तोच ऊस कारखान्यात गेला तर साखर आणि मळी, गुऱ्हाळावर गेला तर गूळ आणि काकवी. बीटा-एंडॉर्फिनचा ऊस म्हणजे पीओएमसी नावाचं प्रोटीन. पिट्युटरीच्या पुढच्या पाळीत त्याचे तुकडे पडतात एसीटीएच (ताणाच्या वेळी ॲड्रिनलला कामाला लावणारं हार्मोन) आणि बीटा-लिपोट्रोपिन, त्यातला थोडा भाग पुढं बीटा-एंडॉर्फिन होतो. मधल्या पाळीत तोडणी बारीक, तिथं एसीटीएचचे पण आणखी तुकडे होऊन एमएसएच नावाचं कातडीच्या रंगाशी जोडलेलं हार्मोन बनतं, आणि बीटा-एंडॉर्फिनच्या टोकाला ॲसिटिल गट चिकटतो. तो चिकटला की ते रिसेप्टरवर बसतच नाही, म्हणजे नाव एंडॉर्फिन पण अफूसारखं काम शून्य. मेंढी, गाय, उंदीर यांना ही मधली पाळी चांगली ठळक असते, मोठ्या माणसात ती वेगळी अशी राहतच नाही. म्हणून मेंढीच्या पिट्युटरीचा आकडा माणसाला लावायचा नाही.

एन्केफॅलिनच्या मूळ प्रोटीनमध्ये मेट-एन्केफॅलिनचा पाच मण्यांचा तुकडा सहा वेळा येतो आणि ल्यू-एन्केफॅलिनचा एकदा, सोयाबीनच्या शेंगेत दाणे असावेत तसा.

उंटाचं काय प्रकरण आहे? गेल्या लेक्चरला अर्धंच राहिलं होतं.

सॅन फ्रान्सिस्कोत चो हाव ली म्हणून पिट्युटरीचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १९६० च्या दशकात मेंढीच्या पिट्युटरीतनं बीटा-लिपोट्रोपिन काढलं होतं, ९१ अमिनो आम्लांचं, आणि त्याचा संबंध चरबी विरघळण्याशी असावा असं वाटत होतं. मग उंटाची चरबी, उंटाची पिट्युटरी बघावी म्हणून इराकमधनं उंटाच्या पिट्युटरी मिळवल्या. अपेक्षित बीटा-लिपोट्रोपिन त्यात मिळालं नाही, मिळाला तो त्याचाच शेवटचा तुकडा, ६१ ते ९१ पर्यंतचा. त्याचं काम काय ते कळत नव्हतं. एन्केफॅलिनची रचना १९७५ ला बाहेर आली तेव्हा लक्षात आलं की या तुकड्याचे पहिले पाच मणी हुबेहूब मेट-एन्केफॅलिन आहेत, आणि १९७६ मध्ये बीटा-एंडॉर्फिन जगापुढं आलं. पुरावा आधीपासनं फ्रीजमध्ये होता, वाचायची अक्षरं नंतर मिळाली.

आतड्यात याचं काय काम?

आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यात एन्केफॅलिन भरलेलं असतं. ते आतड्याची हालचाल मंदावतं आणि पोकळीत पाणी सोडणं कमी करतं. मॉर्फीन घेणाऱ्या पेशंटला बद्धकोष्ठता होते ती याच रिसेप्टरमुळं, आणि जुलाबावरची लोपरामाइडची गोळी पण याच रिसेप्टरवर चालते, फक्त ती मेंदूत फारशी शिरत नाही. लहान लेकरांना जुलाबात रेसकॅडोट्रिलची पुडी देतात ना, ती तर अजून सुंदर युक्ती आहे, ती स्वतः रिसेप्टरवर बसत नाही, एन्केफॅलिन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे लेकराचं स्वतःचंच एन्केफॅलिन आतड्यात जास्त वेळ टिकतं आणि पाणी जाणं कमी होतं. घरात ती पुडी असेल तर आपल्या शरीरातल्या ओपिऑइड पेप्टाइडचा उपयोग तुम्ही करून घेतलेला आहे. अर्थात ओआरएस पहिलं, पुडी डॉक्टर सांगतील तर.

ॲड्रिनल ग्रंथी तर घाबरल्यावर काम करते, तिथं हे कशाला?

मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या या ग्रंथीच्या आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिनच्या ज्या बारीक पिशव्या असतात त्याच पिशव्यांत एन्केफॅलिन आणि त्याचे अर्धवट तुटलेले मोठे तुकडे भरलेले असतात. पिशवी फुटली की दोन्ही एकदम बाहेर. गाईच्या ॲड्रिनलमध्ये हा साठा इतका मोठा की एन्केफॅलिनच्या मूळ प्रोटीनची रचना १९८२ मध्ये त्यातनंच उलगडली. आणि उंदराच्या ॲड्रिनलमध्ये? फारच कमी. जनावर बदललं की नकाशा बदलतो हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

हृदयात पण असतं असं वाचलं. खरं का?

खरं, पण अर्धं. उंदराच्या हृदयात एन्केफॅलिनच्या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे पेप्टाइड बनवायच्या हुकमाची नक्कल, भरपूर सापडतो, पेप्टाइड मात्र त्या मानानं थोडंच. कागदावर ऑर्डर मोठी आणि गोदामात माल कमी. त्यामुळं "अमुक अवयवात जनुक चालू आहे" आणि "अमुक अवयवात पेप्टाइड आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, प्रोजेक्टमध्ये एकत्र करू नका, मी मार्क कापते.

रक्तात किती असतं?

अगदी नगण्य. निवांत माणसाच्या एक लिटर प्लाझ्मात बीटा-एंडॉर्फिन काही पिकोमोल, म्हणजे ग्रॅममध्ये मोजायचं तर ग्रॅमचे अब्जावे भाग. आणि रक्तात आल्या आल्या त्याची तोडफोड सुरू होते. एन्केफॅलिन तर मिनिटं पण धड टिकत नाही, नेप्रिलायसिन आणि अमिनोपेप्टिडेज नावाचे एन्झाइम त्याचा पहिला नाहीतर मधला मणी तोडून टाकतात आणि टायरोसिन गेलं की खेळ खलास. बीटा-एंडॉर्फिन मोठं असल्यानं त्या मानानं बराच जास्त वेळ टिकतं. रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मुख्यतः पिट्युटरीच्या पुढच्या पाळीतनं येतं आणि एसीटीएचच्या बरोबरच सुटतं, १९७७ मध्ये रॉजर गिलेमिन यांच्या गटानं उंदरांमध्ये ते दाखवलं. रक्तातल्या मेट-एन्केफॅलिनचा मोठा वाटा ॲड्रिनलकडनं.

रक्तातलं एंडॉर्फिन वाढलं म्हणजे मेंदूत वाढलं, बरोबर?

चूक. मला हे पान लिहावंसं वाटलं ते खरं तर याच प्रश्नामुळं, कारण मोबाइलवर दिवसाला दहा व्हिडिओ येतात "हे करा, एंडॉर्फिन वाढतं, मन आनंदी होतं" आणि पुराव्याला रक्ताचा आकडा.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते, रक्त-मेंदू अडथळा म्हणतात तिला. बीटा-एंडॉर्फिनसारखी मोठी माळ त्यातनं सहज आरपार जात नाही. मेंदूत जे सुटतं ते हायपोथॅलॅमसच्या पेशींचं, रक्तात जे येतं ते पिट्युटरीचं, दोन वेगळ्या विहिरी. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून मोजलं तर त्यातलं प्रमाण आणि त्याच वेळच्या रक्तातलं प्रमाण बरोबरीनं चालत नाही. अजून एक व्यवहारातली गोष्ट, डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड दिलं की पिट्युटरीच्या पुढच्या पाळीतनं एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन दोन्ही सुटणं दबतं, मेंदूतल्या पेशींवर तसा परिणाम होत नाही. म्हणजे कालच गाईला "डेक्सा" टोचलं असेल तर आज तिच्या रक्तात एंडॉर्फिन कमी दिसेल, म्हणून गाय दुःखी आहे असं म्हणणार का आपण?

रक्तातला आकडा ताणाची खूण म्हणून उपयोगी आहे. मनाच्या सुखदुःखाचं मीटर म्हणून नाही.

मग यवतेश्वरचा घाट पळून वर गेल्यावर जे भारी वाटतं ते काय?

साताऱ्याच्या पळणाऱ्या मंडळींचा हमखास प्रश्न. जोरात व्यायाम केला की रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन वाढतं, माणसात पण आणि घोड्यात पण, आणि जोर जेवढा जास्त तेवढी वाढ जास्त. मेंदूचं म्हणाल तर २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंना दोन तास पळवून पेट स्कॅन केला, त्यात मेंदूच्या काही भागांतले ओपिऑइड रिसेप्टर पळाल्यावर जास्त व्यापलेले दिसले, म्हणजे मेंदूतही पेप्टाइड सुटली असावीत. पण २०२१ च्या एका प्रयोगात ओपिऑइड रिसेप्टर औषधानं बंद करून लोकांना पळवलं तरी ते भारी वाटणं आलंच, आणि आता बोट जास्त करून एंडोकॅनाबिनॉइडकडं, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या गांजासारख्या रसायनांकडं दाखवतात, ती चरबीत विरघळणारी असल्यानं मेंदूत सहज शिरतात. तेव्हा घाट जरूर पळा, श्रेय मात्र एकट्या एंडॉर्फिनला देऊ नका.

आम्हाला मेंढ्यांचं रक्त काढून हे मोजायचंय, काय काळजी घ्यायची?

माझी स्वतःची गोष्ट सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी घरच्याच मेंढ्यांचं रक्त घ्यायचं ठरवलं. एप्रिल महिना, जतचं ऊन, पहाटे वाडग्यात शिरलो. पहिली मेंढी दाराशीच निवांत रवंथ करत होती, अण्णांनी मानेला हात घातला, मी केस बाजूला करून शीर दाबली, ती टच्च फुगली आणि मिनिटाभरात नळी भरली. पण तिला धरलेलं बघून बाकीचा कळप कोपऱ्यात दाटला, आणि सातव्या-आठव्या मेंढीपर्यंत आम्ही वाडगंभर पळत होतो, मेंढ्या धापा टाकतायत, तोंडाला फेस, पायाखाली धुरळा. तेव्हाच अण्णा म्हणाले, "पोरी, ही आणि ती पहिली आता एक राहिली का?" आणि खरंच राहिली नव्हती. धावपळीनं काही मिनिटांतच पिट्युटरी एसीटीएच आणि एंडॉर्फिन सोडते, मी मेंढीची विश्रांती मोजायला गेले आणि माझीच पळापळ मोजत होते. वर बर्फ. गोळेवाल्याकडनं आणलेला बर्फ थर्माकोलच्या पेटीत, निघायला उशीर, मिरजेपर्यंत पोचेतो पेटीत कोमट पाणी. सेंट्रिफ्यूजमधनं नळ्या काढल्या तर वरचा प्लाझ्मा पिवळसर यायच्या ऐवजी गुलाबी-लाल, म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या, आणि पेशी फुटल्या की त्यांच्यातले पेप्टाइड तोडणारे एन्झाइम सगळ्यात मिसळतात. सगळे नमुने टाकून दिले. त्या दिवशी खूप रडले, पण या विषयातलं जे काही मला पक्कं कळलंय ते त्या पेटीमुळं.

तेव्हा असं करा. आठ-दहा दिवस आधीपासनं जनावराला हाताळायची, शीर दाबायची सवय लावा. शक्य असेल तर आदल्या दिवशी मानेत बारीक नळी बसवून घ्या, हे काम पशुवैद्यकाचं, आपण करायचं नाही. कॉलेजच्या प्राणी-प्रयोग समितीची परवानगी आधी घ्या. धरल्यापासनं एक-दोन मिनिटांत रक्त नळीत पाहिजे. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी, आधीच बर्फात गार केलेली, त्यात एन्झाइम रोखणारं अप्रोटिनिन घातलेलं. हलवायची नाही, फक्त हळू उलटीपालटी करायची. थंड सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा लगेच वेगळा, आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरला. वेळ रोज एकच, कारण माणसात तरी हे हार्मोन सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. कुठलं इंजेक्शन झालंय ते लिहून ठेवा. आणि कितव्या नंबरला धरली तो क्रमांक तर नक्की लिहा, तो मी लिहिला नव्हता.

लॅबच्या रिपोर्टवर "इम्युनोरिॲक्टिव्ह बीटा-एंडॉर्फिन" असं का लिहितात, सरळ एंडॉर्फिन का नाही?

कारण प्रामाणिकपणा. ही मोजणी अँटीबॉडीनं होते, पूर्वी किरणोत्सारी खूण लावून, आता बहुतेक रंगाची. अँटीबॉडी पूर्ण माळ वाचत नाही, तिला ओळखीचा एखादा तुकडा दिसला की ती चिकटते. सांगलीच्या बाजारात उभं राहून "ओ पाटील" अशी हाक मारा, किती जण वळून बघतील? तसंच. बीटा-लिपोट्रोपिनचे शेवटचे ३१ मणी म्हणजेच बीटा-एंडॉर्फिन, त्यामुळं कित्येक अँटीबॉडी दोघांनाही पकडतात, आणि ॲसिटिल लागलेलं निकामी एंडॉर्फिन पण त्यातच मोजलं जातं. पक्कं हवं असेल तर आधी क्रोमॅटोग्राफीनं आकारानुसार वेगळं करायचं, मग मोजायचं, नाहीतर मास स्पेक्ट्रोमीटर. जुन्या पेपरमधले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हे.

पाचगणीला नाल मारताना घोड्याच्या ओठाला दोरीचा पीळ देतात, त्यानं घोडा शांत का होतो?

वरच्या ओठाला फास घालून पीळ दिला की घोडा डोळे अर्धे मिटून उभा राहतो. लोकांना वाटायचं की ओठ दुखतो म्हणून बाकीकडं त्याचं लक्ष जात नाही. १९८४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की पीळ दिल्यावर रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन वाढतं आणि नॅलॉक्सोन दिलं की हा गुंगीसारखा परिणाम उतरतो. पण हे थोड्या वेळापुरतंच, नंतरच्या अभ्यासात पहिली पाच मिनिटं हृदयाचे ठोके कमी झाले आणि पुढं वाढायला लागले. आणि कान पिळणं तर पहिल्यापासनंच ताण देतं, घोडा उभा राहतो तो भीतीनं. म्हणून नालबंद काकांना हात जोडून सांगते, कान पिळू नका, आणि ओठाचा पीळ पाच मिनिटांच्या वर नको.

वासरू पिणारी गाय लवकर माजावर येत नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे म्हणे?

आहे. वासरू जवळ असणं, ढुसण्या देऊन पिणं, याचा निरोप मेंदूत गेला की हायपोथॅलॅमसमधलं ओपिऑइड, विशेषतः बीटा-एंडॉर्फिन, पुढच्या साखळीवर ब्रेक लावतं, म्हणजे पिट्युटरीला हुकूम देणारं जीएनआरएच हार्मोन कमी, मग पिट्युटरीचं बीज सोडायला लावणारं एलएच हार्मोन कमी, मग बीज सुटत नाही. १९८० च्या दशकात पाजणाऱ्या गाईंना नॅलॉक्सोन दिल्यावर एलएच वाढलेलं दिसलं, त्यावरनं हे कळलं. हा सगळा खेळ मेंदूच्या आतला, रक्ताच्या नळीत तो दिसेलच असं नाही. आणि गाय माजावर न यायला खुराक, खनिजं, गर्भाशयाची सूज अशी बाकीची कारणं पण भरपूर, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा.

व्यायल्यावर गाय वार खाते, ते दुखणं कमी करायला असतं का?

उंदरांमध्ये याचा अभ्यास झालाय, अमेरिकेत मार्क क्रिस्टल यांच्या गटानं केला. वार आणि गर्भजल खाल्लं तर शरीरात त्या वेळी चालू असलेला ओपिऑइडचा वेदनाशामक परिणाम आणखी वाढतो, नुसतं वार खाऊन मात्र वेदना कमी होत नाही, आधी ओपिऑइड चालू पाहिजे. उंदरीणीत गाभण काळाच्या शेवटी वेदना सहन करायची ताकद वाढते, आणि ते पण ओपिऑइडमुळंच. पण म्हणून गाईला वार खाऊ द्या असं मी म्हणणार नाही, घशात अडकायचा धोका असतो, आपल्याकडं वार पडली की लगेच लांब नेऊन पुरतात ते बरोबरच आहे. वासराला चाटू द्या, ते तिच्या हक्काचं आहे.

ए-टू दुधाचं काय? ए-वन दुधात अफू असते असं व्हॉट्सॲपवर आलंय.

अफू नसते. दुधातल्या बीटा-केसिन प्रोटीनच्या ६७ व्या जागेवर ए-वनमध्ये हिस्टिडिन असतं आणि ए-टूमध्ये प्रोलिन. हिस्टिडिन असेल तर पचताना तिथं कापलं जाऊन सात मण्यांचा बीटा-कॅसोमॉर्फिन-७ हा तुकडा सुटू शकतो, प्रोलिन असेल तर तिथं कापणं अवघड. कॅसोमॉर्फिन १९७९ मध्ये जर्मनीत सापडलं. त्याचा ओपिऑइड परिणाम मॉर्फीनच्या तुलनेत खूप कमजोर, आणि आतड्याच्या भिंतीतले व रक्तातले एन्झाइम ते झटक्यात तोडतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की याच्यामुळं मधुमेह, हृदयरोग वगैरे होतात असा कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही. आपली खिल्लार गाय बहुतांश ए-टूच, म्हैस तर ए-टूच. सांगली भागात पिढ्यानपिढ्या म्हशीचं दूध पिणाऱ्याला ए-टूच्या नावानं दुप्पट पैसे मोजायची गरज नाही, एवढं मी ठामपणे सांगते. देशी गाय पाळा, ती तिच्या काटकपणासाठी पाळा.

जखम झालेल्या जागी पण हे असतं का?

हो, आणि हे ऐकून मला दरवेळी शरीराचं कौतुक वाटतं. १९९० च्या सुमारास क्रिस्टोफ स्टाइन यांच्या गटानं उंदराच्या सुजलेल्या पंजात दाखवलं की तिथं धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये बीटा-एंडॉर्फिन असतं, ताण आला की त्या ते तिथंच सोडतात आणि शेजारच्या मज्जातंतूच्या टोकावर बसून ते दुखणं कमी करतं. मेंदूला विचारायची गरज नाही, जागच्या जागी इलाज. निरोगी पंजात हा परिणाम नव्हता. म्हणजे पाय तोच, उंदीर तोच, पण सूज आहे का नाही यावर त्या जागचा आकडा बदलतो.

बेडकात पण असतं ना?

दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडावरच्या बेडकाच्या कातडीत डर्मॉर्फिन असतं, १९८१ मध्ये इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांच्या गटानं शोधलं. त्यात एक अमिनो आम्ल उलट्या हाताचं असतं, प्राण्यांच्या पेप्टाइडमध्ये ही फार दुर्मीळ गोष्ट, आणि त्यामुळं एन्झाइमना ते सहजी तोडता येत नाही. मॉर्फीनपेक्षा कितीतरी पटीनं तीव्र. २०१२ मध्ये अमेरिकेत रेसच्या घोड्यांना ते टोचल्याचं उघड झालं. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत असलं काही कोणी सुचवलं तर त्याला दारात पण उभं करू नका, दुखणं कळलं नाही की बैल मोडलेल्या पायानं पण पळतो.

खासगी लॅबमध्ये एंडॉर्फिनची टेस्ट करून घेऊ का? सारखं उदास वाटतं.

नको. तुमच्या उदासीचं उत्तर त्या नळीत नाही. एका वेळच्या रक्तातल्या आकड्यावरनं कुठलाही डॉक्टर उदासीचं निदान करत नाही, आणि सुई बघून तुम्ही घाबरलात तरी आकडा वाढेल. ते पैसे वाचवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं एकदा जाऊन या, यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री-अपरात्री फारच वाईट विचार यायला लागले तर १४४१६ या सरकारी टेली-मानस नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रोजेक्टसाठी खाटकाकडनं पिट्युटरी मिळवली तर चालेल का?

अवयवातला साठा बघायचा असेल तर चालेल, ह्यूजनी तेच केलं. पण घड्याळ लावून. जीव गेला की एन्झाइम थांबत नाहीत, उलट मोकाट सुटतात. खाटीकदादांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, डोकं किती वाजता हातात येणार ते ठरवा. कवटीच्या तळाशी खोबणीत हरभऱ्याएवढा गुलाबी-करडा दाणा दिसेल, तीच पिट्युटरी, चिमट्यानं दाबू नका, खालून चमच्यासारखं उचला. लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, ते नसेल तर कोरड्या बर्फावर. लॅबमध्ये आल्यावर गोठलेला तुकडा वितळू न देता थेट उकळत्या सौम्य ॲसिटिक आम्लात टाकायचा, म्हणजे एन्झाइम मरतात आणि पेप्टाइड टिकतं. पुढची आणि मधली पाळी वेगळी करता आली तर करा, नाहीतर "पूर्ण पिट्युटरी" असं स्पष्ट लिहा. आणि नळीवर पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई त्या थंडीत उडते.